कोशी गेली

माझी कंबर गेली ती कांद्याच्या पातीपायी. लोकांना मी सांगतो की पिठाचं पोतं उचलताना गेली, आणि दर वेळी सांगताना ते पोतं जरा जड होत जातं. खरी गोष्ट अशी की चिरलेल्या पातीचं एक हिरवं वेटोळं जमिनीवर पडलं होतं, ते टिपायला मी वाकलो आणि तिथेच अडकलो. वर येता येईना, खाली जाता येईना. दुकानात सकाळची गर्दी. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, मालक आपल्याला वाकून नमस्कार करताहेत. तो चटकन उठला आणि त्यानेही वाकून नमस्कार केला. मी काही सरळ होईना. तेव्हा तो बिचारा आणखी खाली वाकला. शेवटी माझी बायको किनुए कढईपाशी होती, ती धावत आली म्हणून, नाहीतर आम्ही दोघं अजून तसेच असतो.

मी तोकुजी मानाबे. जपानातल्या सानुकीत तळ्याच्या बांधाला लागून आमचं उदोनचं दुकान आहे. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्या शेवया. आमच्याकडची माणसं कामावर जाण्याआधी, सकाळी सकाळी, त्या उभ्याउभ्यासुद्धा खातात. दुकान वडिलांनी काढलं. उदोनची कणीक इतकी घट्ट असते की हाताने मळून भागत नाही. ती चटईत गुंडाळायची आणि वर उभं राहून पायांनी तुडवायची. लहानपणी वडील मला हाताला धरून त्या गोळ्यावर उभं करायचे. पोरगं जमिनीवर चालायच्या आधी कणकेवर चाललं, असं आई सगळ्यांना सांगायची. पुढच्या आयुष्यात मी त्याहून मोठा पराक्रम काही केला नाही.

आता एक शब्द सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्या भाषेत कंबरेला कोशी म्हणतात. आणि शेवईत जो चिवटपणा असतो, दाताखाली आली की आधी जरा भांडते आणि मग तुटते, त्यालाही कोशीच म्हणतात. कोशी नसलेली शेवई सानुकीत कुणी कुत्र्यालाही घालत नाही. वडिलांचं ठाम मत होतं की दोन्हींना एकच शब्द आहे तो उगाच नाही. तुडवणाऱ्याच्या कंबरेत जेवढी कोशी, तेवढीच शेवईत उतरते. ते हे इतक्या गंभीरपणे सांगायचे की मला वाटायचं, शाळेच्या पुस्तकातसुद्धा असणार. पुस्तकात नव्हतं, तरी मी पुस्तकापेक्षा वडिलांवर जास्त विश्वास ठेवला. त्यांच्यानंतर मी तुडवत राहिलो. किनुए माझ्या मागे कढई सांभाळायची, भजी तळायची, वाडगे धुवायची. तुडवणं हे पुरुषाचं काम, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं, कारण बोलायची वेळच आली नव्हती.

पातीने मला आडवं केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंथरुणात पडून छताकडे बघत होतो. आज दुकान बंद, मानाबेंच्या इतिहासात पहिल्यांदा, असा विचार करून मी स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणत होतो. इतक्यात खालून आवाज आला, थप थप, थप थप. किनुए मोजे काढून कणकेवर चढली होती. मला विचारलंसुद्धा नाही. मी पडल्या पडल्या ऐकत होतो, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिची पावलं हलकी पडताहेत.

त्यानंतर मी दुखण्याचा धंदा नेटाने चालवला. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहा. हाड बसवणाऱ्याने सांगितलं, वाकू नका. सुया टोचणाऱ्याने सांगितलं, वळू नका. शेजारणीने सांगितलं, गार वाऱ्यात बसू नका. मी कुणालाच नाराज केलं नाही, सगळ्यांचं ऐकलं, आणि त्यामुळे माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नाही. कंबरेला मी असा रुंद पट्टा आवळला की श्वास घ्यायला त्याची परवानगी लागायची. पाठीला औषधाच्या थंड चिकटपट्ट्या इतक्या लावल्या की किनुए म्हणाली, "अहो, आता तुम्हाला पाकिटासारखं टपालात टाकलं तरी चालेल." आणि डॉक्टरांनी काढलेला कंबरेचा तो मशिनीतला फोटो! मणक्यांच्या मधल्या चकत्या झिजलेल्या, एक तर बाहेर डोकावत असलेली. तो मी दुकानात भिंतीवर, पदार्थांच्या पाट्यांच्या शेजारी टांगला. लोक माझ्या मणक्याकडे बघत उदोन खायचे. मला त्यात काहीतरी मोठं केल्यासारखं वाटायचं.

दिवसभर मी गल्ल्याशी उंच खुर्चीवर बसायचो. गिऱ्हाईक आत आलं, की मी आपणहून जाहीर करायचो, "आजही कोशी नाही." कधी म्हणायचो, "कोशी पार गेलीय. काही दम नाही राहिला." आमच्या बोलण्यात 'माझी', 'तुझी' असं कुणी फारसं लावत नाही. कुणाची कोशी, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. ओळखीची माणसं मान हलवायची. बाहेरगावची माणसं दारातच थबकायची, एकमेकांकडे बघायची आणि गाडी वळवून पुढच्या दुकानात जायची. मला वाटायचं, माझं दुखणं त्यांना बघवत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या दिवसापासून मी आमच्याच दुकानातलं उदोन खाणं सोडलं. वर बसून भाताची पेज खायचो. तुडवणाऱ्याच्या कंबरेत कोशी नाही, तर शेवईत कुठून येणार, हे खाऊन बघायची काय गरज? किनुए पहिले काही दिवस वाडगा आणून समोर ठेवायची. मी हाताने बाजूला सारायचो. मग तिने आणणं बंद केलं.

आमच्या वस्तीत भाताची लावणी आटोपली की हान्गेशो येतो. त्या दिवशी सगळी वस्ती एकत्र बसून उदोन खाते. वडिलांच्या वेळेपासून ते उदोन आमच्या दुकानातून जायचं. गेल्या वर्षी मी नकार दिला, आणि माझ्यामुळे वस्तीने बाजारातलं पाकिटातलं उदोन खाल्लं. कामेईदादा, आमच्या वस्तीतले सगळ्यात जुने शेतकरी, म्हणाले होते, "तोकु, ती शेवई होती का बुटाची नाडी, ते मला अजून कळलं नाही." यंदा लावणीच्या कितीतरी आधीच ते पुन्हा येऊन बसले.

"काय रे तोकु, यंदा तरी देणार का हान्गेशोचं?"

"दादा, कोशीच गेलीय, देऊ कुठून?" मी म्हणालो. मग मला वाटलं, एवढ्याने माझं दुःख त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. म्हणून मी पुढे म्हणालो, "हान्गेशो झाला की दुकानच बंद करतोय."

हे मी किनुएला विचारून ठरवलं नव्हतं. खरं तर ठरवलंच नव्हतं, बोलता बोलता तोंडातून निघून गेलं. वाफेपलीकडून ती काहीतरी म्हणेल, निदान झारा आपटेल, असं मला वाटलं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि तिने शेवया गार पाण्यात टाकल्या. त्या 'बरं'ने माझं मन फार दुखावलं. बघा, मी मनाशी म्हणालो, हिलाही सुटका हवीच होती.

तेवढ्यात गावातले डॉक्टर माझ्यापायी टेकीला आले. त्यांनी मला शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे जुन्या दुखण्यासाठी एक वेगळा विभाग आहे, एका रोग्याला पाच जण मिळून बघतात. हे ऐकून माझी छाती फुगली. दुकानात मी सगळ्यांना सांगितलं, "माझ्या कंबरेला एक माणूस पुरत नाही, पाच लागतात." कामेईदादा म्हणाले, "आमच्या बैलाला दोनच लागायचे."

पाचांतल्या मुख्य डॉक्टर ईवासेबाई, तोक्योच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मानाबेकाका, कोशी कधीपासून बिघडलीय?"

मी धंद्याचा माणूस. तोंडातून निघालं, "उन्हाळ्यात बिघडतेच. मीठ वाढवावं लागतं."

त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं आणि मला मीठ कमी करण्यावर एक लांबलचक भाषण ऐकवलं. ते ऐकून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या कंबरेचं विचारत होत्या. पण तोपर्यंत त्या इतक्या कळकळीने बोलल्या होत्या की चूक सांगायचा मला धीर झाला नाही. परिचारिकाबाई महिनाभर माझा रक्तदाब तपासत होत्या.

दुसरा हामाओ, व्यायाम करून घेणारा. शरीराने कपाटासारखा, आवाज मात्र मांजराचा. तिसऱ्या कुनिमीबाई, मनाचं बघणाऱ्या. मनाचं बघणारी बाई माझ्या वाट्याला का, हे मला कळेना. माझं मन दुखत नव्हतं, कंबर दुखत होती. उरलेल्या दोघी, परिचारिकाबाई आणि औषधं बघणाऱ्या, यांनी मला फारसं छळलं नाही, म्हणून त्यांची नावं माझ्या लक्षात राहिली नाहीत.

फोटो मी सोबत नेला होता, कापडात गुंडाळून. ईवासेबाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "छान. वयाला साजेसा आहे."

"साजेसा? अहो बाई, चकती बाहेर आलीय!"

"तुमच्या कपाळावर आठ्या आहेत. त्या दुखतात का?"

मी म्हणालो, नाही.

"हेही थोडंफार तसंच. असे मणके घेऊन कितीतरी माणसं डोंगर चढतात. तुमची कंबर दुखते ते खरंय, मी नाही म्हणत नाही. पण ती मोडलेली नाही. ती घाबरलीय."

भिंतीवर टांगण्याइतका माझा फोटो, आणि ही बाई त्याला आठ्या म्हणते! मी ठरवलं, इथे जपून खेळायचं. लहानपणी बाबा नाही म्हणाले की मी आईकडे जायचो, तोच डाव मी टाकला. हामाओने टॉवेल जमिनीवर टाकला आणि उचला म्हणाला, तेव्हा मी म्हणालो, "डॉक्टरीणबाईंनी वाकायला मना केलंय." कुनिमीबाईंना मी सांगितलं की हामाओ मला मारून टाकणार आहे. ईवासेबाईंना सांगितलं की कुनिमीबाई म्हणतात, पट्टा काढू नका, मनाला आधार मिळतो.

पुढच्या वेळी गेलो, तर तिघंही दाराशी हसत उभे.

"काका," हामाओ म्हणाला, "डॉक्टरांनी वाकायला मना केलेलं नाही."

"आणि मी पट्ट्याबद्दल काही बोलले नाही," कुनिमीबाई म्हणाल्या.

ही मंडळी दुपारी एकत्र बसून डबा खात होती आणि माझ्याबद्दल बोलत होती! इतकी वर्षं मी डॉक्टरांकडे जातोय, एका डॉक्टरने दुसऱ्याशी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. यांचं आपसात बोलणं होतं, आणि तिथेच माझा घात झाला. आता तिघांच्या तोंडी एकच वाक्य होतं, थोडं थोडं हला, रोज हला, दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. त्यावर कडी म्हणजे हामाओ म्हणाला, "काका, या टीममध्ये तुम्हीही आहात." मी दुरुस्तीला गेलो होतो, त्यांनी मला कामालाच लावलं.

टॉवेल मी शेवटी उचलला. घामाने न्हाऊन निघालो, डोळे मिटून घेतले, कंबरेतून कडाडकन आवाज येणार म्हणून वाट बघितली. आला नाही. हामाओने टाळ्या वाजवल्या. साठीला आलेल्या माणसाने टॉवेल उचलला म्हणून टाळ्या, आणि मला त्या आवडल्या, हे मी कुणाला सांगितलं नाही. घरी मात्र खुर्ची, पट्टा आणि गल्ला सुटला नाही. तिथे टाळ्या वाजवायला कोण होतं?

हान्गेशो आठवड्यावर आला तेव्हा कुनिमीबाई म्हणाल्या, "काका, पुढच्या बैठकीला काकूंना घेऊन या."

"तिला कशाला? तिची कंबर ठणठणीत आहे."

"घरी तुमच्याजवळ त्याच असतात ना? मग त्याही टीममध्ये."

किनुए आली. लग्नाकार्यातले कपडे घालून, मांडीवर रुमाल, आणि सगळ्यांसाठी मिठाईचा खोका. एका गोल टेबलाभोवती आम्ही सगळे बसलो. ईवासेबाईंनी माझं कौतुक केलं. औषधं कमी झालीत, चालणं वाढलंय. मी खाली मान घालून ऐकत होतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून किनुए ऐकतेय ना, ते बघत होतो.

मग कुनिमीबाईंनी तिला विचारलं, "काकू, घरी या दुखण्याबद्दल काका काय बोलतात?"

किनुए जरा विचारात पडली. "दुखण्याबद्दल? ते काही नाही बोलत."

मी उडालोच. "काही नाही बोलत? दिवसभर दुसरं बोलतो काय मी? सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोशी, कोशी..."

"ते होय," ती म्हणाली. "ते शेवयांबद्दल."

टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे बघू लागले. किनुएला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. तिने मांडीवरचा रुमाल सारखा केला आणि कुनिमीबाईंना समजावून सांगू लागली.

"त्यांचं बरोबरच आहे. मामंजींच्या हाताखाली शिकलेत ते. मला कुठे जमतंय? माझं वजन कमी, जोर पडत नाही. म्हणून मी आधी लवकर उठायला लागले, एकाऐवजी दोनदा तुडवायला लागले. मग तीनदा. तरी ते रोज गिऱ्हाइकांना सांगतात, आज पण कोशी नाही, काही दम नाही. खरं तेच सांगतात, त्यांना खोटं बोलता येत नाही. एकदाही खाऊन बघितलं नाही हो. लांबूनच कळतं त्यांना. दुकान बंद करू म्हणाले तेव्हा मी बरं म्हटलं. मानाबेंचं नाव माझ्या पायांनी बुडायला नको."

हामाओला हसू आलं होतं. ते त्याने अर्ध्यावर गिळलं आणि खोकल्यासारखं केलं. ईवासेबाई तोक्योच्या, त्यांना उशिरा उजेड पडला. "एक मिनिट. कोणती कोशी?"

"माझी!" मी ओरडलो. "माझी! माझी स्वतःची कंबर!"

जन्मात मी इतक्या वेळा 'माझी' म्हणालो नव्हतो. मी खुर्चीतून उभा राहिलो होतो, हात न टेकता, आणि ते फक्त हामाओच्या लक्षात आलं. किनुए माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आपण जे इतके दिवस पाठीवर वाहून आणलं, ते ओझं मुळात कुणी दिलंच नव्हतं, असं कळल्यावर माणसाचा चेहरा जसा रिकामा होतो, तसा झाला होता. मला लाज वाटली.

"काका," कुनिमीबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही खाऊन का नाही बघितलं?"

मी वडिलांचं सांगायला सुरुवात केली, कंबरेतली कोशी शेवईत उतरते वगैरे. बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं आणि मी थांबलो. कारण ते नव्हतंच. मी खाल्लं नाही, कारण शेवई चांगली निघाली तर मी कशाला हवा होतो? एका कांद्याच्या पातीने मला खाली पाडलं आणि दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं. हे मला सोसत नव्हतं. कंबर बिघडलेली असणं मला परवडत होतं, शेवई चांगली असणं परवडत नव्हतं. हे मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं, जरा तुटक तुटक. परिचारिकाबाईंनी नेमकं तेव्हा मिठाईचा खोका उघडला आणि सगळ्यांना एक एक दिली. मीसुद्धा घेतली.

त्यांनी मला एवढंच काम दिलं की रोज दुकानात एक वाडगा खायचा. हामाओ म्हणाला, थोडा वेळ तुडवायचंही, काकूंबरोबर, आधाराला भिंतीतली दांडी धरून. ईवासेबाई म्हणाल्या, तेवढ्यापुरता पट्टा काढून. मी एकाचं दुसऱ्याला सांगून काही सुटका होते का ते बघितलं नाही. ते सगळे एकाच टेबलाशी बसलेले होते.

परतताना आमची छोटी मालवाहू गाडी किनुए चालवत होती. भातलावणी झालेल्या खाचरांमधून रस्ता जातो. वाटेत ती म्हणाली, "एक शब्द जास्त बोलला असतात, तर काय झालं असतं?"

मी म्हणालो, "वळणावर जरा हळू घे."

"कंबरेसाठी?"

"नाही," मी म्हणालो. "घर लवकर येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्ल्याशी बसलो नाही. भिंतीवर फोटोच्या जागी एक चौकोन उरला होता, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा उजळ. मी गिऱ्हाइकांसारखा ओट्यापाशी बसलो आणि म्हणालो, "किनुए, एक वाडगा."

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवया उकळत्या पाण्यातून काढल्या, गार पाण्यात चोळून धुतल्या, वाडग्यात घातल्या, वर थोडा सोया सॉस, आणि वाडगा माझ्यासमोर ठेवून पुन्हा कढईकडे वळली. कामेईदादा शेजारीच बसले होते. त्यांनी आपलं खाणं थांबवलं. म्हातारा मोठा चौकस आहे.

मी एक घास घेतला. चावला. शेवईने प्रतिकार केला, मग तुटली. मी दुसरा घेतला, कारण पहिल्यावर माझा विश्वास बसला नाही. तिसरा घेईपर्यंत माझ्या लक्षात आलं की वडिलांनाही असं जमलं नव्हतं. मला तर नव्हतंच. कितीतरी दिवस बिचाऱ्या बाईने नसलेला दोष घालवण्यासाठी तुडवलं होतं, आणि दोष नव्हताच म्हणून सगळी मेहनत शेवई आणखी चांगली होण्यात गेली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, वाफ आहे. वाडग्यातलं उदोन गार होतं.

"किनुए," मी म्हणालो, "माझ्यापेक्षा चांगली आहे."

ती वळली नाही. पण झारा हातात तसाच राहिला.

"वडिलांच्याहून चांगली आहे," मी मोठ्याने म्हणालो, म्हणजे कामेईदादांनाही ऐकू जावं. "तुला शिकवलं कुणी?"

"कोण शिकवणार?" ती कढईकडे बघतच म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुमच्या पाठीमागे उभी आहे. तुमची पाठ सोडून दुसरं बघायला होतं काय?"

कामेईदादांनी घसा खाकरला. "मग हान्गेशोचं?"

"देतो," मी म्हणालो. मग स्वतःला सावरलं. "तिला विचारा."

"देते," किनुए म्हणाली. "किती माणसं?"

"गेल्या वर्षी जी उपाशी राहिली ती सगळी."

दुकान बंद करण्याचं पुन्हा कुणी बोललं नाही. हान्गेशोच्या आदल्या दिवशी मी आत गेलो, पट्टा सोडला, मोजे काढले. हान्गेशोसाठी कणकेचा मोठा गोळा चटईत गुंडाळून ठेवला होता. किनुए त्यावर चढली आणि मला हात दिला. मी मागे उभा राहिलो, एक हात दांडीवर. पाय पहिल्यांदा खाली रुतले तेव्हा कंबर ओरडली. मी तिला म्हणालो, घाबरू नकोस, तू मोडलेली नाहीस. तिला ते पटलं नाही, पण मोडली नाही. आम्ही तुडवू लागलो, किनुए पुढे, मी मागे, थप थप.

तिची पाठ माझ्या समोर होती. इतक्या वर्षांत मी ती अशी कधी बघितली नव्हती, कारण मागे कायम तीच असायची. डाव्या खांद्याखाली ती जरा झुकली होती. दर पावलाला ती उजव्या पायावर भार घ्यायच्या आधी अगदी थोडी थांबत होती. टॉवेल उचलताना मी जसा थांबायचो, तशी. एवढ्या इस्पितळाच्या खेपांनी माझे डोळे आता ते ओळखायला शिकले होते.

"किनुए," मी म्हणालो. "तुझी कंबर दुखते का गं?"

"रोज," ती म्हणाली. "थांबू नका, कणीक सुकते."